डिस्क कटर बेसाल्ट फोडतो कसा: कोअरच्या पेटीपासून कटर बदलण्यापर्यंत, क्रमाने

नाशिकची बरीच मुलं डिप्लोमा किंवा आयटीआय करून मुंबईच्या बोगद्यांवर टीबीएमच्या (बोगदा खोदणाऱ्या मशीनच्या) शिफ्टला लागतात. मुंबई मेट्रो ३ साठीच १७ टीबीएम लागले होते, आणि काम तसंच पुढे चालू राहणार आहे. पण आपल्या भागात बोगदा म्हटलं की सुरुंग. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-कसारा दरम्यानचा सुमारे ८ किलोमीटरचा जोडबोगदाही ड्रिल आणि ब्लास्टनेच झाला. त्या कामाची सवय घेऊन माणूस टीबीएमवर गेला की एक चूक हमखास होते. मशीन पुढे सरकेना की आधी थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) वाढवायचा, तरी सरकेना की आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) वाढवायचा, आणि शेवटी आत जाऊन कटर, म्हणजे मशीनच्या पुढच्या फिरत्या तोंडावर (कटरहेडवर) बसवलेल्या खडक फोडणाऱ्या चकत्या, बघायचे. हा क्रम उलटा आहे, आणि तो कटरच्या रिंगांवर (बाहेरच्या पोलादी कड्यांवर), बेअरिंगवर आणि माणसांच्या सुरक्षिततेवर भारी पडतो.

इथे लिहिलंय ते कठीण खडकातल्या, डिस्क कटर लावलेल्या मशीनबद्दल. टोकदार पिक लावलेली रोडहेडर मऊ ते मध्यम खडकासाठी असते. तिचं गणित वेगळं, ते इथे मिसळू नका.

## टप्पा १: खडक कुठे तुटतो ते आधी पक्कं करा

डिस्क खडक कापत नाही आणि घासतही नाही, निदान तिने घासू नये. डिस्क स्वतःच्या बेअरिंगवर मोकळी फिरते. कटरहेड फिरतं तशी प्रत्येक डिस्क कातळावर आपापल्या वर्तुळाकार चरातून लोळत जाते, आणि मागून जॅक तिला खडकात दाबत असतात.

रिंगच्या टोकाखाली दाब इतका मोठा असतो की तिथल्या थोड्याशा खडकाची भुकटी होते. ही भुकटी चारी बाजूंनी कोंडलेली असल्यामुळे दाब आजूबाजूच्या खडकात ढकलते. तिच्या कडेपासून भेगा निघतात. काही सरळ खोल जातात. त्यांचा त्या फेरीत उपयोग नसतो. काही आडव्या पसरतात. एका चरातून निघालेली आडवी भेग शेजारच्या चरातून आलेल्या भेगेला मिळाली, की मधला खडक कपची होऊन सुटतो.

म्हणजे बोगद्याचा मीटर डिस्कच्या खाली मिळत नाही, दोन डिस्कच्या मध्ये मिळतो. या लेखातलं पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

खडक दाबाला भक्कम असतो आणि ताणाला कमकुवत. त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या साधारण दहाव्या भागाएवढी असते. वडार मंडळी मोठी शिळा फोडताना ओळीने भोकं पाडून त्यात पाचरी ठोकतात आणि शिळा ओळीवर उकलते. डिस्कही भुकटीची पाचर करून खडक ताणाने उकलवते. दगडाचा चुरा करायला ऊर्जा प्रचंड लागते, कपची सोडवायला त्या मानाने फार कमी. म्हणून बेल्टवर भुकटी जास्त आणि कपच्या कमी दिसू लागल्या, की वीज आणि रिंगा दोन्ही वाया चालल्यात असं समजा.

डिस्क प्रत्येक फेरीत पुरेशी खोल शिरली नाही तर आडवी भेग शेजाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. चर खोल होत जातो, दोन चरांच्या मधला कंगोरा तसाच उभा राहतो आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर कधीतरी तुटतो. तोवर डिस्क नुसती दळत असते.

तपासा: सोबतच्या नव्या मुलाला विचारा, कपची कुठे सुटते? उत्तर "डिस्कखाली" आलं, तर त्याला आकडे शिकवायच्या आधी कागदावर दोन चर आणि त्यांच्या मधली भेग काढून दाखवा.

## टप्पा २: कोअरच्या पेटीतला खडक नीट ओळखा

कोअर म्हणजे बोअर घेऊन खडकातून काढलेला दांड्यासारखा नमुना, तो पेटीत रचून ठेवतात. आपला खडक दख्खनचा बेसाल्ट. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत, आणि एकाच थरात वरचा भाग आणि मधला भाग पूर्ण वेगळे वागतात. मधला घट्ट, काळा बेसाल्ट १०० ते २०० मेगापास्कल दाबशक्तीचा, कधी त्याहून जास्त. वरचा सच्छिद्र भाग, ज्याच्या पोकळ्यांत नंतर खनिजं भरली आहेत, बराच कमी ताकदीचा. आणि दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी लाल बोल, म्हणजे लालसर, मातीसारखा पट्टा. तो काही सेंटिमीटरचा असतो किंवा मीटर-दोन मीटरचाही. कसारा घाटातल्या कापलेल्या कड्यांवर हे थर प्रवासात बसमधूनही दिसतात. (बघायला घाटात गाडी थांबवू नका. आणि पांडवलेणी संरक्षित आहेत, तिथल्या कातळाला हातोडा लावायचा नाही. अभ्यासासाठी परवानगी घेऊन एखादी खाण बघा.)

इथे चार चुका वारंवार होतात.

पहिली, चाचणीसाठी पेटीतले फक्त अखंड, देखणे तुकडे निवडणं. मग अहवालात सगळा बोगदा घट्ट बेसाल्टचाच दिसतो. प्रत्येक प्रकाराचा नमुना गेला पाहिजे, आणि त्या प्रकाराची लांबी एकूण मार्गात किती ती टक्केवारी सोबत गेली पाहिजे.

दुसरी, फक्त दाबशक्तीची चाचणी करून थांबणं. कपची ताणाने सुटते हे टप्पा १ मध्ये पाहिलं, तेव्हा ताणशक्ती नको असं कसं म्हणता येईल? गोल चकतीला आडवं दाबून फोडण्याची ब्राझिलियन चाचणी कराच. भारतीय मानकांत दाबशक्तीसाठी आयएस ९१४३, अप्रत्यक्ष ताणशक्तीसाठी आयएस १००८२ आणि पॉइंट लोडसाठी आयएस ८७६४ आहे. पॉइंट लोड साइटवर पटकन होते, पण ती प्रयोगशाळेतल्या चाचणीची जागा घेत नाही. दोन्ही चाचण्या काही नमुन्यांवर एकत्र करून त्या खडकाचा गुणक आधी ठरवावा लागतो.

तिसरी, बोल आणि सच्छिद्र बेसाल्टचे नमुने उन्हात सुकू देणं. त्यांत पाणी शोषणारी चिकणमातीची खनिजं असतात. ते सुकले की तडकतात, भिजले की सुटतात. पेटी उघडताच हे तुकडे प्लास्टिकच्या पातळ आवरणात गुंडाळून सावलीत ठेवा आणि लवकर पाठवा.

चौथी चूक पांढऱ्या खनिजाबद्दल. पोकळीत पांढरं काही दिसलं की "क्वार्ट्झ" असं लिहून मोकळं होतात. नाशिक परिसरातल्या खाणी झिओलाइटच्या स्फटिकांसाठी जगभर माहीत आहेत, आणि झिओलाइट मऊ असतं. साध्या चाकूच्या टोकाने ओरखडा काढून बघा. ओरखडा उठला तर झिओलाइट किंवा कॅल्साइट. चाकू घसरला आणि खनिजावर उलट लोखंडाची करडी रेघ उमटली, तर क्वार्ट्झ, अगेट किंवा त्याच कुळातलं सिलिका. रिंगा खाणारं हेच. बेसाल्टमध्ये मुळात क्वार्ट्झ जवळपास नसतं. त्यामुळे तो त्याच्या ताकदीच्या मानाने कमी घासणारा खडक आहे, पण सिलिकाने भरलेल्या पोकळ्यांचा पट्टा लागला की हे गणित बदलतं. घासणक्षमतेसाठी सेर्शार चाचणी सांगा. त्यात ९० अंशांच्या टोकाची पोलादी सुई ७ किलोच्या भाराखाली खडकावर १० मिलिमीटर ओढतात आणि टोक किती बोथट झालं ते मोजतात. चाचणी पोकळीभरणीवर वेगळी आणि मूळ खडकावर वेगळी करायला लावा. सरासरी आकडा दोन्ही लपवतो.

सांधे, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक फटी, मोजताना दोन फटींमधलं अंतर तर लिहाच, पण त्यांचा बोगद्याच्या अक्षाशी कोनही लिहा. मध्यम अंतरावरच्या, सोयीच्या कोनातल्या फटी कपचीला मदत करतात. अगदी जवळजवळच्या फटी फेसवरून (मशीनसमोरच्या खडकाच्या भिंतीवरून) ठोकळे पाडतात, आणि तो त्रास टप्पा ६ मध्ये येतो.

## टप्पा ३: कटरहेडचं ड्रॉइंग आणि तीन हिशोब

मशीनपाशी जाण्यापूर्वी ड्रॉइंगवरून या गोष्टी उतरवून घ्या: कटर किती, कोणत्या आकाराचे, चरांमधलं अंतर किती, रिंगच्या टोकाची रुंदी किती, आणि एका कटरचा मान्य भार किती. १७ इंची कटर (४३२ मिलिमीटर) साधारण २५० किलोन्यूटनचा असतो, १९ इंची (४८३ मिलिमीटर) साधारण ३१० चा. कटरचे तीन गट असतात: मध्यभागाचे सेंटर कटर, फेस कटर, आणि कडेला तिरके बसवलेले गेज कटर, जे बोगद्याचा व्यास ठरवतात.

हिशोबासाठी एक मशीन धरू: व्यास ६.५ मीटर, ४४ कटर, सगळे १७ इंची, चरांमधलं अंतर ८० मिलिमीटर.

एका कटरवरचा खरा भार. पडद्यावर जॅकचा एकूण थ्रस्ट १२,००० किलोन्यूटन दिसतो. तो सरळ ४४ ने भागला तर २७३ येतो आणि भार मर्यादेबाहेर गेल्यासारखा वाटतो. पण त्यातला काही भाग शील्डचं (मशीनभोवतीच्या पोलादी कवचाचं) घर्षण आणि मागची गाडी ओढण्यात जातो. हेड फेसपासून थोडं मागे घ्या, कटर टेकलेले नसताना शील्ड पुढे सरकवायला किती जोर लागतो ते बघा. समजा ३,००० लागला. मग कटरना मिळतात ९,०००, म्हणजे एकाला सुमारे २०५. घर्षण रोज सारखं नसतं. वळणावर आणि पिळणाऱ्या जमिनीत वाढतं, म्हणून ही मोजणी पुन्हा पुन्हा करायची.

अंतर आणि खोली यांचं गुणोत्तर. चरांमधलं अंतर भागिले एका फेरीतली खोली. कठीण खडकात हे साधारण १० ते २० च्या दरम्यान असलं की कपची चांगली सुटते. आपल्या मशीनवर खोली ६ मिलिमीटर असेल तर ८० भागिले ६ म्हणजे १३. ठीक. ती ३ वर आली तर गुणोत्तर २७, आणि कंगोरे उभे राहायला लागतात. अंतर चालू कामात बदलता येत नाही. तुमच्या हातात फक्त खोली आहे.

गेज कटर किती धावतो. ६.५ मीटर व्यासाचा परीघ २०.४ मीटर. फेरीला ६ मिलिमीटर खोली असेल तर एक मीटर बोगद्याला १६७ फेऱ्या, म्हणजे कडेचा कटर ३.४ किलोमीटर धावतो. खोली ३ मिलिमीटर झाली की त्याच एका मीटरसाठी ६.८ किलोमीटर. थ्रस्ट कमी ठेवून "कटर वाचवतोय" असं म्हणणाऱ्या ऑपरेटरला हा हिशोब दाखवा.

आरपीएमची मर्यादाही याच परिघावरून येते. १७ इंची कटरला कडेचा वेग मिनिटाला साधारण १५० मीटरच्या आसपास ठेवतात. नेमका आकडा उत्पादकाच्या कागदावर बघा. ७ आरपीएमला आपला वेग होतो १४३.

> सावधान: आरपीएम वाढवल्याने फेरीतली खोली वाढत नाही. ती भाराने वाढते. आरपीएम फक्त त्या खोलीला गुणतो. ६ मिलिमीटर गुणिले ७ म्हणजे मिनिटाला ४२ मिलिमीटर, हे खरं उत्पादन. कपची सुटतच नसताना आरपीएम वाढवला तर दळणं तेवढं वेगाने होतं आणि रिंग तापते.

## टप्पा ४: पेनिट्रेशन टेस्ट, आणि ती नेमकी कोणत्या क्रमाने

ही चाचणी बहुतेक ठिकाणी घाईत उरकली जाते, म्हणून सविस्तर लिहितो. तिचा हेतू एकच: या खडकात कोणत्या भारापासून कपची सुटायला लागते ते शोधणं.

१. आधी कटरची स्थिती माहीत हवी. अर्धे झिजलेले आणि दोन अडकलेले कटर घेऊन केलेली चाचणी खडकाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून ती तपासणीनंतर लगेच घ्या.

२. जागा अशी निवडा की फेसवर एकच प्रकारचा खडक असेल. भूवैज्ञानिकाने फेस पाहून, नकाशा काढून दिलेला असावा.

३. शील्डचं घर्षण वर सांगितल्याप्रमाणे मोजा.

४. आरपीएम एका आकड्यावर बांधून टाका. संपूर्ण चाचणीत त्याला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम बदलले की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

५. कमी थ्रस्टपासून सुरुवात करून चार-पाच पायऱ्यांनी वर जा. समजा कटरला १००, १३०, १६०, १९०, २२० किलोन्यूटन. प्रत्येक पायरीवर आकडे स्थिर होईपर्यंत थांबा. आधीच्या पायरीचे चर पुसले जाऊन नव्या खोलीचे चर पडायला बऱ्याच फेऱ्या लागतात.

६. प्रत्येक पायरीला पुढे सरकण्याचा वेग, आरपीएम, टॉर्क (हेड फिरवायला लागणारा पिळाचा जोर) लिहा. वेग भागिले आरपीएम म्हणजे फेरीतली खोली.

७. प्रत्येक पायरीचा मक (फुटून बाहेर येणारा खडक) वेगळा गोळा करा. फेसपासून नमुना घेण्याच्या जागेपर्यंत मक यायला किती वेळ लागतो तो आधी मोजून ठेवा, नाहीतर १३० च्या पायरीच्या पिशवीत १०० चा मक भरला जातो. ही चूक फार सामान्य आहे.

८. चाचणी संपल्यावर आत जाऊन चर बघा (प्रवेशाचे नियम टप्पा ७ मध्ये).

आता आडव्या अक्षावर भार आणि उभ्या अक्षावर खोली मांडा. घट्ट बेसाल्टमध्ये सुरुवातीला रेघ जवळपास आडवी राहते. भार वाढतो, खोली मिलिमीटरभरच. मग एका ठिकाणी ती वळते आणि झपकन वर जाते. ते वळण म्हणजे कपची सुटायला सुरुवात. तुमचा कामाचा भार त्या वळणाच्या स्पष्टपणे वर आणि कटरच्या मान्य भाराच्या खाली हवा. दोन्हींमध्ये जागाच उरत नसेल, तर तो प्रश्न ऑपरेटरच्या कौशल्याचा नाही. कटरचा आकार किंवा रिंगची रुंदी यांचा आहे, आणि तो लेखी वर कळवा.

एका कटरचा भार भागिले फेरीतली खोली हा आकडा रोजच्या नोंदीत ठेवा. २०५ भागिले ६ म्हणजे ३४. भार वळणाच्या वर असूनही तो चढायला लागला तर मुख्य कारणं दोन: खडक कठीण झाला किंवा रिंगा बोथट झाल्या. कोणतं, ते मक सांगतो.

तपासा: आधी थ्रस्ट मर्यादेला लागतो की टॉर्क? कठीण खडकात थ्रस्ट आधी संपतो. मऊ किंवा तुटक्या खडकात डिस्क खोल शिरते, लोळण्याचा विरोध वाढतो आणि टॉर्क आधी संपतो. घट्ट बेसाल्टमध्ये हा विरोध दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा असतो. खडक तोच असताना टॉर्क अचानक चढला, तर कुठेतरी डिस्क अडकली असण्याची शक्यता आधी तपासा.

## टप्पा ५: मक हातात घेऊन वाचा

शिफ्टमध्ये निदान दोनदा बेल्टवरून, सुरक्षित ठिकाणी, नमुना घ्या. चालत्या बेल्टवर हात घालायचा नाही. ठरलेल्या नमुना जागीच घ्या.

चांगली कपची चपटी आणि लांबट असते. रुंदी चरांमधल्या अंतराच्या जवळपास, जाडी एक-दोन सेंटिमीटर, कडा धारदार. तिच्या एका बाजूला चराचा भुकटीने माखलेला फिका पट्टा दिसतो. हा पट्टा दोन्ही कडांना असेल तर ती कपची खरोखर दोन चरांच्या मध्ये सुटली.

तुकड्याच्या बाजूंवर हिरवट लेप किंवा झिओलाइटची पापुद्री दिसली तर तो नैसर्गिक फटीवर सुटलेला ठोकळा आहे. तो डिस्कने फोडलेला नाही. वेग चांगला दिसत असला तरी असे ठोकळे वाढणं ही धोक्याची सूचना.

भुकटी वाढली, कपच्या लहान आणि जाड झाल्या, खडक मात्र तोच राहिला, तर रिंगा बोथट झाल्यात किंवा भार वळणाच्या खाली गेलाय. दर वेळी त्याच चाळण्यांनी चाळून टक्के लिहा. डोळ्यांचा अंदाज शिफ्टगणिक बदलतो.

## टप्पा ६: पट्टा बदलला की चालवणं बदला

लाल बोल. इथलं नुकसान होतं एका ठिकाणी आणि दिसतं दुसऱ्या ठिकाणी. चिकट बोल कटरच्या खाचेत भरतो, डिस्क फिरायची थांबते. मऊ पट्ट्यात त्याने काही बिघडत नाही, मशीन छान पळतं. पुढे घट्ट बेसाल्ट लागला की ती थांबलेली डिस्क फरपटत जाते आणि रिंगला एका बाजूला सपाट घाव पडतो. म्हणून बोल ओलांडल्यावर, बेसाल्टात पूर्ण थ्रस्ट द्यायच्या आधी, थांबून खाचा धुवा आणि प्रत्येक डिस्क फिरते का ते बघा. अर्धा तास जातो खरा, पण नंतर डझनभर कटर बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

अर्ध्या फेसवर बोल, अर्ध्यावर बेसाल्ट. पडद्यावरची सरासरी इथे फसवते. ९,००० किलोन्यूटन ४४ कटरवर सारखे वाटले तर २०५. पण बोलातले कटर जवळजवळ भारच घेत नाहीत असं धरलं, तर उरलेल्या २२ वर प्रत्येकी ४०० च्या पुढे. मर्यादा २५० ची. शिवाय प्रत्येक फेरीत कटर मऊतून कठीणावर आदळतो. अशा फेसवर एकूण थ्रस्ट कठीण भागातल्या कटरच्या हिशोबाने बांधा आणि आरपीएम उतरवा. वेग पडेल, तो पडू द्या.

ठोकळ्यांचा फेस. स्तंभासारख्या किंवा दाट फटींच्या बेसाल्टमध्ये फेसवरून ठोकळे निखळतात आणि डिस्क त्यांच्या कडांवर आपटतात. रिंगांचे टवके उडतात. टॉर्क नाचतो, हेड थरथरतं. इथेही आरपीएम आणि थ्रस्ट दोन्ही कमी.

## टप्पा ७: आत जाण्याआधी

हा टप्पा छोटा लिहितो, पण यातली एकही पायरी गाळायची नाही.

फेस स्थिर आहे असं भूवैज्ञानिकाने लेखी द्यायचं. हेड फेसपासून थोडं मागे. मुख्य मोटारी, हायड्रॉलिक, बेल्ट सगळं बंद, प्रत्येकाने आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. हवा चालू. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवेश नाही, साध्या हवेत तो २०.९ असतो. मिथेन आणि इतर वायूंची तपासणी प्रवेशापूर्वी आणि काम चालू असतानाही. मग धुणं, मग प्रकाश, मग सैल दगड पाडणं, आणि मग माणूस.

> सावधान: पुढचा कटर खाली आणण्यासाठी हेड फिरवायचं असेल तर सगळ्यांनी बाहेर यायचं, डोकी मोजायची, मगच फिरवायचं. "एवढंसंच फिरवायचंय" म्हणून कोणी आत थांबायचं नाही. दाबाखालच्या चेंबरमध्ये प्रवेश ही पूर्ण वेगळी प्रक्रिया आहे. डॉक्टर आणि प्रशिक्षित माणसांशिवाय तिथे जायचंच नाही.

## टप्पा ८: कोणता कटर बदलायचा, आणि का झिजला

प्रत्येक रिंगची झीज टेम्प्लेटने परिघावर तीन ठिकाणी मोजा. एकाच ठिकाणी मोजलं तर सपाट घाव निसटतो. मग पहारीने प्रत्येक डिस्क फिरवून बघा: जड पण एकसारखी फिरली तर ठीक. मोकाट फिरली, खरखरली किंवा अजिबात फिरली नाही तर बेअरिंग गेलंय. हबभोवती (रिंग बसते त्या मधल्या भागाभोवती) तेल ओघळलेलं असेल तर सील गेलंय, आणि असा कटर रिंग नवी असली तरी काढायचाच. मशीन नुकतंच थांबलं असेल तर कटर तापलेले असतात, उघडा हात लावू नका.

झिजेचं रूप कारण सांगतं:

- सगळीकडे सारखी झीज: नैसर्गिक. वेळ झाली की बदला.
- एका बाजूला सपाट घाव: डिस्क थांबली होती. बोल भरला किंवा बेअरिंग अडकलं.
- टवके: आदळणं. ठोकळ्यांचा फेस, किंवा खाली अडकलेला लोखंडाचा तुकडा.
- आरपार चीर: जास्त भार, किंवा रिंग हबवर नीट बसवलेली नाही.
- टोक दबून पसरलेलं: रिंग खडकाच्या मानाने मऊ. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये काम केलेल्याला हे लगेच कळेल. रिंगा साधारण ५५ ते ५८ एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाच्या) असतात. कमी कडक असल्या तर पसरतात, जास्त कडक असल्या तर टवके उडतात.

कारण न लिहिता कटर बदलणं ही सगळ्यात महागडी सवय आहे. सपाट घाव पडलेल्या जागी तसाच दुसरा कटर लावला आणि खाच धुतलीच नाही, तर तोही तसाच जाणार.

आता शेजाऱ्यांचा नियम. एक डिस्क झिजून आत गेली की तिच्या वाटचा खडक शेजारच्या दोघींवर पडतो. त्या लवकर जातात, मग त्यांच्या शेजारच्या. एका मेलेल्या कटरपासून ओळच्या ओळ गेलेली अनेक साइटवर बघायला मिळते. उलट, सगळे अर्धे झिजलेले असताना मध्येच एक कोरी रिंग लावली, तर ती एकटी पुढे आलेली असते आणि जास्तीचा भार घेते. म्हणून शेजारच्या रिंगांमधला फरक उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत राहील असाच बदल करा. मध्येच एखादा कटर अचानक गेला, तर तिथे कोरी रिंग न लावता शेजाऱ्यांएवढी झिजलेली रिंग लावा. त्यासाठी वर्कशॉपमध्ये अर्धवट झिजलेल्या, चांगल्या बेअरिंगच्या कटरचा साठा मोजमाप लिहून ठेवावा लागतो.

कोऱ्या रिंगा शक्यतो गेजला. तिथे झिजेची मर्यादा फेसपेक्षा खूप कडक, कारण गेजला त्रिज्येत १० मिलिमीटर गेले की बोगद्याचा व्यास २० ने घटतो आणि शील्ड अडकण्याची भीती. गेजवरून उतरलेली, अजून जीव असलेली रिंग फेसवर, सारख्या झिजेच्या शेजाऱ्यांमध्ये लावता येते. गेज फार झिजू दिलं असेल तर नवीन कटर त्या अरुंद भोकात बसतच नाही. आधी हातब्रेकरने तेवढी खोबण करावी लागते, आणि ते काम वाईट असतं.

तपासा: बाहेर पडण्याआधी फेसवरचे चर बघा. चर स्वच्छ, कंगोरे तुटलेले असतील तर कपची सुटतेय. उंच, गुळगुळीत कंगोरे उभे असतील तर टप्पा ४ ला परत जा.

## टप्पा ९: बसवणं आणि पुन्हा सुरुवात

१७ इंची कटर दीडशे किलोच्या आसपास असतो, तो साखळी आणि उचलण्याच्या साधनानेच हलवा. बसण्याची जागा तारेच्या ब्रशने लख्ख करा. तिथे राहिलेला खडीचा एक कण कटर धरून ठेवणाऱ्या पाचरीला खोटा ताण देतो आणि तासाभरात बोल्ट ढिले पडतात. बोल्ट टॉर्क रेंचनेच, ठरलेल्या क्रमाने. हत्यारं मोजून बाहेर आणा. आत राहिलेला पाना पुढच्या शिफ्टच्या चार रिंगा फोडतो.

सुरुवात कमी थ्रस्ट आणि कमी आरपीएमने. नव्या रिंगांनी आपापले चर पाडेपर्यंत भार मोजक्याच कटरवर असतो, पडद्यावरची सरासरी तोवर खोटी. सगळे चर पडले, टॉर्क स्थिर झाला, की पायरीपायरीने कामाच्या भारावर या. पहिल्या छोट्या ढकलणीनंतर थांबून, टप्पा ७ चे सगळे नियम पाळून, बोल्ट पुन्हा कसा.

नोंदवहीत प्रत्येक बदललेल्या कटरसाठी लिहा: जागेचा क्रमांक, तिन्ही ठिकाणची झीज, झिजेचं रूप आणि कारण, चेनेज (बोगद्यातलं अंतर), फेसवरचा खडक, आणि बदलापूर्वीच्या तासाभरातलं भार-खोलीचं गुणोत्तर. पुढच्या शिफ्टच्या फोरमनला ही वही फेसजवळच, कटरहेडच्या ड्रॉइंगवर बोट ठेवून समजावून द्या.